न घेतलेल्या कर्जाची वसुली नोटीस आली आहे. पैसे भरून मोकळं व्हावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही वडोदऱ्यात वाघोडिया रोडला राहता. दिल्लीच्या एका वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस आलीय की एका फायनान्स कंपनीचे ३८,६४० रुपये २०२१पासून थकलेत, सात दिवसांत भरा, नाहीतर फौजदारी करू. त्या कंपनीकडून तुम्ही कधी काही घेतलेलंच नाही. पण लवकरच गृहकर्जाचा अर्ज करायचाय, म्हणून घरचे म्हणतायत की देऊन टाक, सिबिल म्हणजे कर्जफेडीचा रिपोर्ट बिघडायला नको.

देऊ नका. आणि नोटीस रद्दीतही टाकू नका.

मी वडोदऱ्यातल्याच दांडिया बाजारातला. एका बँकेच्या वसुली खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते बघितलंय. जुनी, छोटी कर्जं वसुली एजन्सीकडे जातात ती एक्सेलच्या यादीतून. नाव, मोबाईल, पत्ता, खाते क्रमांक, बाकी, संपलं. करारनामा, केवायसी, हप्त्यांचा उतारा बरेचदा सोबत नसतोच. वकिलाच्या नोटिशीही त्याच यादीवरून ठोकात छापल्या जातात, खाली सही करणाऱ्याने तुमची फाईल उघडली असेलच असं नाही. यादीतले काही जण घाबरून भरतात आणि तेवढ्यावर एजन्सीचं कमिशन सुटतं. कागद मागणारा माणूस त्यांना नकोसा असतो, कारण मग ते प्रकरण मूळ कंपनीकडे परत पाठवावं लागतं.

आधी नोटीस कुठल्या जातीची आहे ते बघा. तिच्यात 'कलम १३८' आणि चेक नंबर असेल तर गोष्ट वेगळी. चेक परत गेल्याची नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस असतात आणि त्यानंतर खरोखर फौजदारी तक्रार होऊ शकते. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तरी २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ जवळपास तसंच चालतं. अशी नोटीस असेल तर हे उत्तर बाजूला ठेवून आजच वकील गाठा. लवादाची म्हणजे आर्बिट्रेशनची नोटीस असेल तरी गप्प बसू नका. 'मी करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे लवादाचं कलम मला लागू नाही' हे लेखी कळवा. नाहीतर एकतर्फी निवाडा होतो आणि त्याची बजावणी कोर्टाच्या हुकुमनाम्यासारखीच होते.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तुमच्याकडे यातलं काही दिसत नाही. नुसतं 'फौजदारी करू', 'पोलीस घरी येतील' असं आहे. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे. काही नोटिशींमध्ये डीआरटीची म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाची धमकी असते. डीआरटीत २० लाखांच्या खालची प्रकरणं जातच नाहीत, तिथे ३८ हजारांचं काय घेऊन बसलात! लोकअदालतीचं पत्र आलं तर ते विधी सेवा प्राधिकरणाकडून आलंय का ते तपासा. खरं असलं तरी तिथे तडजोड दोघांच्या राजीनेच होते, कोणी तुमच्यावर रक्कम लादू शकत नाही. कोर्टाचा समन्स मात्र, दिवाळीपुऱ्याच्या आपल्या कोर्टाचा असो की दिल्लीचा, कधीही टाळू नका. त्यावर केस नंबर असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या साईटवर घालून बघता येतो.

आता फोन. तगादेवाले गोड बोलतात. "सर, निदान पाचशे रुपये टाका, मी फाईल होल्डवर ठेवतो." हे पाचशे म्हणजे सापळा. असं कर्ज वसूल करायला दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. त्या मुदतीत तुम्ही लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरून तशी नोंद झाली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. शिवाय जे कर्ज तुमचं नाही त्याचे पैसे भरल्यावर ते तुमचं नाही हे पटवायचं कोणाला? म्हणून फोनवर एकच वाक्य बोला, 'मला ही बाकी मान्य नाही, जे काय ते लेखी पाठवा', आणि ठेवा. जन्मतारीख, पॅन, आधार, ओटीपी, यातलं काहीही 'व्हेरिफाय' करून देऊ नका. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेने २०२२मध्येच मनाई केलीय. नातेवाइकांना, ऑफिसात फोन करून अब्रू काढणंही त्याच परिपत्रकात बसत नाही. असे फोन आले तर तारीख, वेळ, नंबर वहीत लिहून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या. भांडत बसू नका.

मग पत्र. वकिलाला पाठवा आणि त्याची प्रत फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा, त्याचं नाव आणि ईमेल कंपनीच्या साईटवर असतं. माझ्या मते ही प्रत मूळ पत्रापेक्षा महत्त्वाची, कारण वकिलाच्या हातात तुमच्या सिबिलची किल्ली नसते. पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, मजकूर साधारण असा:

'आपल्या अमुक तारखेच्या नोटिशीतलं कर्ज मी घेतलेलं नाही आणि त्यातली बाकी मला मान्य नाही. कर्जाचा करारनामा, अर्जासोबत घेतलेली केवायसी कागदपत्रं व फोटो, कर्जाची रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्याचा तपशील व यूटीआर क्रमांक, हप्त्यांचा संपूर्ण उतारा आणि वसुलीसाठी आपल्याला दिलेलं अधिकारपत्र यांच्या प्रती पाठवाव्यात. हे पत्र म्हणजे कोणत्याही देण्याची कबुली नाही. माझ्या नावावर थकबाकीची नोंद क्रेडिट माहिती कंपन्यांना पाठवली असल्यास ती दुरुस्त करावी. यापुढचा संपर्क लेखीच करावा.'

सोबत आधारची झेरॉक्स जोडायची हौस करू नका. रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, पोचल्याची नोंद ऑनलाइन दिसेल त्याचा प्रिंट काढा. तेच पत्र ईमेलनेही टाका.

यूटीआर म्हणजे पैसे पाठवल्याच्या बँक व्यवहाराचा क्रमांक, तो मुद्दाम मागायला सांगितलाय. सही खोटी मारता येते, फोटो कुठूनही उचलता येतो, पण पैसे कुठल्या तरी खात्यात गेलेच असणार. ते खातं तुमचं नसेल तर कंपनीला पुढे बोलायला जागा उरत नाही. वस्तूवरचं कर्ज असेल, फ्रिज, मोबाईल, दुचाकी, तर दुकानाचं बिल आणि डिलिव्हरीचा पत्ता मागा.

इथपर्यंत नोटिशीचं झालं. सिबिलचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे आणि घर घ्यायचं असेल तर तुमचा खरा वेळ तिकडे जायला हवा. नोटीस थंड झाली म्हणजे रिपोर्ट सुधारला असं होत नाही. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण देशात कर्जफेडीची माहिती ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि कर्ज देणारे चौघींनाही माहिती पाठवतात. चारही रिपोर्ट त्यांच्याच अधिकृत साईटवरून काढा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती उगाच पसरलीय.

रिपोर्ट आला की लोक आधी स्कोअर बघतात. तो राहू द्या, खाली खात्यांची यादी बघा. नोटिशीतला खाते क्रमांक तिथे आहे का? असेल तर त्याच्या खाली महिन्यांचे चौकोन असतात. '०००' म्हणजे त्या महिन्यात वेळेवर भरलं, '०३०', '०६०' म्हणजे तितके दिवस उशीर, 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहितीच आली नाही. मग संपर्काचा भाग बघा, तुमच्या नावाखाली अनोळखी मोबाईल किंवा पत्ता चिकटलाय का. घोटाळा कुठून झाला याचा धागा बहुतेक तिथेच सापडतो.

माझ्या आतेभावाचं उदाहरण सांगतो. आडनाव जाधव. आपल्या वडोदऱ्यात मराठी जाधव आहेत आणि गुजराती जादवही ढिगाने आहेत, इंग्रजीत कोणी 'एच' घालतो, कोणी गाळतो. त्याच्या रिपोर्टमध्ये एक दुचाकीचं कर्ज निघालं, आठ-नऊ महिने थकलेलं. पत्ता वडोदऱ्याजवळच्या पादरा गावचा, जन्मवर्ष एकाने पुढे, पॅनची जागा रिकामी. याने आयुष्यात पादऱ्यात भाजी घेण्यापलीकडे काही केलेलं नाही. शाखेत गेला तर काउंटरवरची मुलगी म्हणे, "सिस्टिममध्ये तुमचंच नाव आहे ना." मी त्याला म्हटलं, नावावर वाद घालू नकोस, गाडीचा नंबर माग. जीजे ०६ची गाडी निघाली. आरसीची प्रत कंपनीच्याच फाईलमध्ये होती, तिच्यावर वडिलांचं नाव भलतंच, पुढे 'भाई' लावलेलं. त्यानंतर शाखेची भाषा बदलली. नावात नाव मिसळण्याचे असे प्रकार सर्रास होतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत कोणी मुद्दाम फसवणूक केली असं लगेच धरून चालू नका.

पण फोटो किंवा पॅन तुमचाच वापरलेला निघाला तर ती फसवणूकच. मग १९३० वर किंवा सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत पुढच्या प्रत्येक पत्राला जोडा.

चुकीची नोंद ज्या ज्या रिपोर्टमध्ये असेल तिथे ऑनलाइन डिस्प्यूट म्हणजे हरकत टाका, पैसे पडत नाहीत. 'हे खाते माझे नाही' असा पर्याय असतो तो निवडा, नुसती रक्कम चुकीची आहे असं लिहू नका, नाहीतर खातं तुमचं असल्याचं तुम्हीच मान्य केल्यासारखं होईल. सिबिलसारखी कंपनी स्वतःहून नोंद पुसत नाही, ती कर्ज देणाऱ्याला विचारते. त्याला उत्तर द्यायला २१ दिवस आणि एकूण निकाल लावायला ३० दिवस. त्याच्या पुढे गेलं तर ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने तुम्हाला रोजचे १०० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. दुरुस्ती नाकारली तर कारणही कळवावं लागतं. ते कारण नुसतं 'माहिती बरोबर आहे' एवढंच असेल तर लोकपालाकडे जायला तुमचं प्रकरण तयार झालं समजा.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायच्या आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी आणि ३० दिवस उलटलेले हवेत, किंवा उत्तर असमाधानकारक आलेलं हवं. म्हणूनच ती स्पीड पोस्टची पावती. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर फुकट होते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. सप्टेंबर २०२२पासून सिबिलसारख्या कंपन्याही याच लोकपालाखाली येतात. तक्रार तुम्ही स्वतः करायची, वकिलामार्फत केलेली घेत नाहीत. तेव्हा "साहेब, पाच हजारात लोकपालाचं काम करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. 'सिबिल स्कोअर वाढवून मिळेल' असं लिहून फिरणाऱ्यांचंही तेच. बरोबर नोंद ते पुसू शकत नाहीत, आणि चुकीची तुम्ही फुकटात दुरुस्त करून घेऊ शकता.

तोवर एजन्सीकडून फोन येईल, "सर, ३८ चे १२ हजारात सेटल करतो, आजच ऑफर आहे." घरच्यांना याचा मोह होणार. त्यांना एवढंच दाखवा की असे पैसे भरल्यावर रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असा शेरा पडतो, आणि गृहकर्ज देणाऱ्या बँकेला त्यातून कळतं की या माणसाने पूर्ण कर्ज फेडलं नव्हतं. म्हणजे १२ हजार मोजून स्वतःच्या नावावर डाग विकत घ्यायचा. स्वतःचंच कर्ज असेल आणि पैसे नसतील तेव्हा सेटलमेंटचा विचार ठीक आहे. तुमच्यासाठी तो पर्यायच नाही.

गृहकर्जाचं म्हणाल तर डिस्प्यूट टाकून दुरुस्ती होईपर्यंत अर्ज थांबवता आला तर बरं. ते जमणार नसेल, बिल्डरला तारीख दिली असेल, तर चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते. एकाच बँकेत जा, डिस्प्यूट नंबर, कंपनीला लिहिलेलं पत्र आणि पोच मॅनेजरसमोर ठेवा. डिस्प्यूट चालू असताना त्या नोंदीवर तसा शेरा दिसतो, त्यामुळे तुम्ही हवेत बोलताय असं त्यांना वाटणार नाही. खाजगी बँकांपेक्षा जिथे तुमचा पगार वर्षानुवर्षं जमा होतो त्या शाखेत ऐकून घेतील, असा माझा अनुभव.

नोंद निघाल्यावर कंपनीकडून 'या कर्जाशी आपला संबंध नाही' असं लेटरहेडवर लेखी घ्या, ईमेल चालेल. हे यासाठी की अशा याद्या एका एजन्सीकडून दुसरीकडे जातात, आणि वर्ष-दोन वर्षांनी नव्याच वकिलाची तीच नोटीस येऊ शकते. तेव्हा उत्तरात फक्त ते पत्र जोडायचं. चारही रिपोर्ट महिन्याभराने पुन्हा बघा, एकीकडची नोंद गेली आणि दुसरीकडची राहिली असं होतं. फुकटचा रिपोर्ट वापरून झाला असेल तर ज्या कंपनीकडे चुकीची नोंद होती तिचा तेवढा पैसे भरून काढा.

नोटिशीत कलम कुठलं लिहिलंय ते कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल. फक्त खाते क्रमांक आणि पॅन झाकून टाका.