अँटिबॉडी निघाली, आता माझाही पाय सुजेल का?

प्रश्न : आम्ही हिंगणघाटला राहतो. सासूबाईंचा उजवा पाय कित्येक वर्षांपासून सुजलेला आहे, हत्तीपाय. भीतीपोटी मी खासगी लॅबमध्ये रक्त दिलं, तर फायलेरियाची (म्हणजे हत्तीरोगाची) अँटिबॉडी पॉझिटिव्ह! सासूबाईंच्या रात्रीच्या रक्तात मात्र काहीच नाही. मला त्रास नाही, पण झोप उडाली आहे. मुलालाही लागण होईल का?
– एक वाचक

उत्तर : ताई, आधी मुलाचं. आजीजवळ बसून, तिचा पाय धुवून काही होत नाही. ज्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया (हत्तीरोगाच्या कृमींच्या बारीक अळ्या, बहुधा रात्री रक्तात दिसतात) फिरतात त्याला चावलेला डासच हा रोग पसरवतो. सासूबाईंच्या रक्तात त्या सापडल्या नाहीत, यात नवल नाही. जुन्या सुजेत कृमी बहुधा मेलेले असतात, लसिकावाहिन्यांचं (अंगातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांचं) नुकसान तेवढं उरतं.

आता तुमचा कागद. अँटिबॉडी म्हणजे जंतू शिरल्यावर शरीराने त्याविरुद्ध बनवलेला पदार्थ, स्वतः जंतू नव्हे. नोकरीत असताना मी रात्री दारोदार फिरून बोटं टोचली आहेत (शिव्याही खाल्ल्या), म्हणून सांगतो. आपल्याकडे गटारात वाढणारा क्युलेक्स डास चावत राहतो. त्यातून जंतू शिरले आणि वाढलेच नाहीत, तरी अँटिबॉडी तयार होऊ शकते. औषधाने कृमी मेले तरी ती बराच काळ टिकते. काही चाचण्या तर पोटातल्या जंतांनाही फसतात. त्यातल्या त्यात आयजीजी-४ ही अँटिबॉडी चालू संसर्गाशी जास्त जुळते. तुमच्या लॅबने कोणती मोजली हे लिहिलेलं नसेल, तर तो रिपोर्ट माझ्या लेखी अर्धाच.

अँटिबॉडीचा खरा उपयोग गावाची तब्येत पाहायला. सामूहिक औषधवाटपानंतर जन्मलेल्या लहान मुलांत ती बरीच आढळू लागली, तर प्रसार थांबलेला नाही असा संशय घ्यावा लागतो. एकट्या माणसाचं निदान तिच्यावर करू नये.

तुम्ही अँटिजेनची पट्टी करून घ्या. ती जिवंत मोठ्या कृमीतून सुटणारा पदार्थ शोधते, त्यामुळे बोटातलं रक्त दिवसा दिलं तरी चालतं. निकाल दहा मिनिटांनी वाचायचा. उशीर केला तर नसलेली रेघही उमटते, तेव्हा घड्याळाकडे पाहणारा माणूस गाठा. पट्टी पॉझिटिव्ह आली तर हत्तीरोग पथकाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, औषध मोफत मिळतं. गरोदर असाल तर गोळ्या घेण्याआधी तसं सांगा.

सासूबाईंचा पाय रोज साबण-पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. ताप येऊन पाय लाल झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.