इंग्लंड आणि स्कॉटलंड फुटबॉलमध्ये वेगळे, पण ऑलिंपिकमध्ये एकत्र, असे का?

विश्वचषकाच्या दिवसांत मडगाव-म्हापशात इंग्लंडचे झेंडे लागतात, ब्रिटनचा मात्र दिसत नाही. त्यामुळे हा प्रश्न गोव्यात स्वाभाविकच आहे. उत्तर इतिहासात आहे. पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात १८७२ मध्ये ग्लासगो येथे झाला, तर फिफाची स्थापना १९०४ मध्ये झाली. म्हणजे जागतिक संघटना जन्माला येण्यापूर्वीच ब्रिटनमधील इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड (आता उत्तर आयर्लंड) या चारही फुटबॉल संघटना उभ्या होत्या आणि त्यांचे स्वतंत्र सदस्यत्व पुढेही मान्य राहिले. खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळात आजही या चौघींना प्रत्येकी एक आणि फिफाला चार मते आहेत. ऑलिंपिक समितीचा सदस्य मात्र ब्रिटन हा एकच आहे. म्हणूनच लंडनमध्ये २०१२ साली ब्रिटनचा संयुक्त फुटबॉल संघ उतरला, तेव्हा आपले वेगळे स्थान धोक्यात येईल, या भीतीने स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी त्यास विरोध केला. मला ही भीती रास्त वाटते.

सगळीकडे हाच नियम नाही. रग्बीत संपूर्ण आयर्लंड बेटाचा, म्हणजे स्वतंत्र आयर्लंड आणि ब्रिटनमधील उत्तर आयर्लंड यांचा, सीमा ओलांडून, एकच संघ असतो. जमैकाचा ख्रिस गेल वेस्ट इंडीजकडून खेळला, तर उसेन बोल्ट जमैकासाठी धावला. आपला गोवा संतोष करंडकात स्वतंत्र संघ उतरवतो. पण तो राज्याचा संघ आहे, कारण फिफाचे सदस्यत्व अखिल भारतीय महासंघाकडे आहे.