शिडाच्या जहाजांच्या गेममध्ये वेळ कुठे कापायचा

तुमची अडचण अशी की जहाजं खऱ्यासारखी वळवली की टेस्टिंग करणारे मित्र कंटाळतात, आणि वेग वाढवला की जहाज मोटारीसारखं वळायला लागतं. दोन्हीमधलं काय ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. मी या प्रकारचे गेम बरीच वर्षं खेळतोय आणि दोन जहाजं व एक वारा एवढाच एक छोटा नमुना स्वतःही बनवून पाहिलाय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, खऱ्या लढायांना एकच गती नव्हती. ब्रिटिश आणि फ्रेंच-स्पॅनिश आरमारांची ट्रफाल्गारची लढाई घ्या. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी पहाटे दोन्ही आरमारं एकमेकांच्या नजरेला पडली आणि तोफा सुरू झाल्या त्या दुपारी बाराच्या सुमारास. वारा इतका मंद होता की ब्रिटिश सेनापती नेल्सनची जहाजं माणूस रमतगमत चालतो तेवढ्या वेगाने पुढे सरकत होती. याउलट १ जून १८१३ ची बोस्टनबाहेरची लढाई बघा. अमेरिकन युद्धनौका चेसापीक दुपारी बंदरातून निघाली, संध्याकाळी सहाच्या सुमाराला ब्रिटिश शॅननला भिडली आणि पाव तासात खेळ खलास. तासन्‌तास वाट आणि मग काही मिनिटांची कत्तल, असा या लढायांचा साचा आहे. गेम बनवणारा या दोन्ही भागांना एकच घड्याळ लावतो, तिथेच बहुतेक वेळा गडबड होते.

आता लढाईच्या आतलं गणित. बत्तीस पौंडी तोफ (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणारी) जवळपास तीन टनांची. उडाली की धक्क्याने मागे येते आणि जाड दोर तिला अडवतो. मग ओला बोळा आत फिरवून ठिणग्या विझवायच्या, फ्लॅनेलच्या पिशवीतली दारू गजाने ठासायची, वर गोळा, त्यावर पुन्हा बोळा. कप्प्यांचे दोर ओढून सगळ्यांनी मिळून तोफ खिडकीबाहेर काढायची, कान्यातून (मागच्या बारीक भोकातून) पिशवी टोचायची, तिथे रंजक म्हणजे पेटवायची दारू भरायची आणि मग दोरी ओढायची. तयार गोलंदाज हे साधारण दीड मिनिटात करायचे. आणि चौकोनी शिडांचं जहाज? ते वाऱ्याच्या दिशेपासून सदुसष्ट अंशांच्या आत सहसा जाऊच शकत नाही. म्हणजे नाळ (जहाजाचं पुढचं टोक) वाऱ्यातून पलीकडच्या अंगाला न्यायची तर सुमारे एकशे पस्तीस अंश वळायचं. चांगल्या वाऱ्यातही त्याला पाच-दहा मिनिटं जातात.

तेवढ्या वेळात समोरचा तीन ते सहा वेळा तोफा डागू शकतो. शिडाच्या लढाईतली सगळी डोकेबाजी या एका गुणोत्तरात आहे. वळायचं ठरवलं तर किती सरबत्त्या (एका बाजूच्या सगळ्या तोफांचा एकदम मारा) अंगावर घ्याव्या लागतील, हा हिशोब कप्तानाच्या डोक्यात सतत चालू असायचा. तुमच्या गेममधून तो हिशोब गेला, तर दोऱ्या आणि शिडं कितीही हुबेहूब काढा, लढाई पोकळच वाटेल.

माझ्या नमुन्यात मी नेमकी हीच चूक केली होती. वळणं पाचपट वेगवान केली, पण तोफा भरायला खरी नव्वद सेकंदं ठेवली. वाटलं, त्याने ताण वाढेल. झालं असं की दोघेही खेळाडू एकमेकांच्या पाठीमागे गोल गोल फिरायला लागले, वाऱ्याकडे कुणी बघेचना. मग सगळंच चारने भागलं: तोफा भरायला बावीस सेकंदं, वाऱ्यातून वळायला दीड ते दोन मिनिटं. ज्या मित्राने आधीचा गेम दहा मिनिटांत बंद केला होता, तो आता दर वळणाआधी डोलकाठीवरचं निशाण बघत होता. एकदा त्याने वेग कमी असतानाच सुकाणू फिरवलं. नाळ वाऱ्यात अडकली, शिडं उलटी फुगून काठीला चिकटली आणि जहाज हळूहळू मागे घसरायला लागलं. ‘अरे, वळत का नाहीये?’ असं तो ओरडेपर्यंत माझं फ्रिगेट (मध्यम आकाराची चपळ युद्धनौका) त्याच्या पिछाडीला आडवं आलं होतं.

ही पिछाडी फार महत्त्वाची. जहाजाच्या कडेला जाड लाकूड असतं, मागे मात्र खिडक्या आणि नक्षीकाम. तिथून शिरलेला गोळा डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं कापत जातो. ट्रफाल्गारला नेल्सनच्या व्हिक्टरीने फ्रेंच जहाज ब्यूसांतोरच्या पिछाडीवर पहिला बार टाकला तो अडुसष्ट पौंडी कॅरोनेडचा (आखूड, जवळून मारायच्या तोफेचा), एक गोळा आणि वर पाचशे बंदुकीच्या गोळ्यांचं पिंप. पण त्या जागी पोचण्याआधी व्हिक्टरीला बराच वेळ उत्तर न देता मार खावा लागला होता. गेममध्ये ही जागा खेळाडूने कमवायला हवी. म्हणूनच ब्लॅक फ्लॅग हा चाच्यांचा गेम मला देखणा वाटतो, खलाशांची गाणी तर अप्रतिमच, पण तिथे वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येतं आणि त्यामुळे पिछाडी गाठणं फुकट होतं. सिड मायर्स पायरेट्स हा दुसरा गेम दिसायला पोरखेळ, तरी त्यात वारा पूर्वेकडून येतो म्हणून पूर्वेला जाताना जीव मेटाकुटीला येतो, आणि माणसं कमी झाली की तोफा भरायला वेळ लागतो. नेमक्या जागी खरा आहे तो गेम.

गुणोत्तर बदलायचंच असेल तर ते फक्त खलाशांच्या तयारीने बदलू द्या. शॅननचा कप्तान ब्रोक १८०६ पासून त्याच जहाजावर होता, तोफांचा सराव सतत चालायचा, नेम धरायला तोफांना खास खुणा बसवल्या होत्या. शॅननचा पाव तासातला विजय त्यातून आला.

उरला वाट बघण्याचा भाग. तो कापा, पण त्यातले निर्णय कापू नका. अंतर मैलभरापेक्षा जास्त असेल तर काळ दहापट पळवा आणि कुणी दिशा किंवा शीड बदललं की आपोआप हळू करा. पहिल्या बाराला गोळा की शिडं-दोर तोडणारी साखळी, कोणत्या बाजूच्या तोफांवर माणसं (दोन्ही बाजूंना पुरतील एवढी नसायचीच), कोणती शिडं गुंडाळायची, हे सगळं तिथे विचारा. घाई नसताना नीट भरलेला पहिला बार सगळ्यात चांगला बसायचा, त्याला थोडा जास्त परिणाम द्या. नेव्हल ॲक्शन या गेममध्ये खुल्या समुद्रातला वेग वाढवलेला आहे, तरी तास तास नुसतं निळं पाणी बघावं लागतं, कारण मध्ये ठरवण्यासारखं फारसं काही नाही.

आणि वारा पडला तर? बहुतेक गेम हा प्रसंग टाळतात. मला तो सगळ्यात नाट्यमय वाटतो. जुलै १८१२ मध्ये अमेरिकन युद्धनौका कॉन्स्टिट्यूशनमागे ब्रिटिश जहाजं दोन दिवसांहून जास्त लागली होती. वारा नाही म्हणून होड्यांनी जहाज ओढायचं, नांगर होडीतून पुढे नेऊन टाकायचा आणि त्याच्या दोरावर जहाज खेचायचं, असं करत ती निसटली. आपल्या किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराची तर ही ठरलेली चाल होती. पडलेल्या वाऱ्यात चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं गुराबेला (मोठ्या, तोफांच्या शिडाच्या जहाजाला) ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत, आणि गुराबेच्या नाळेवरच्या तोफा तिथून मारा करत. शत्रूचं मोठं जहाज तेव्हा जागचं हलू शकत नसे. तुमच्या इंजिनमध्ये हे अवघड जाणार नाही: गलबताचा वेग ताशी चार मैल धरा, गुराब बांधली की तो कमी करा, वल्हेकरी दमू द्या, आणि मधला दोर गोळ्याने तुटू द्या.