‘टेम्पलर’ म्हणून विकलेलं हेल्मेट नेमकं कुठल्या काळातलं?

फोटो नीट पाहिले. विक्रेत्याने ‘टेम्पलर नाइट, 12वे शतक’ म्हणून तुम्हाला हे नकली हेल्मेट गळ्यात मारलंय, आणि जर्मनीतला तुमचा ग्रुप त्या काळचा वेश चढवून 1250च्या आसपासचे सैनिक उभे करतो, तर तिथे चालेल का, असं विचारलंय. नाही चालणार. ही बॅसिनेटची, म्हणजे टोकदार माथ्याच्या आणि झडपेच्या युरोपीय शिरस्त्राणाची नक्कल आहे, साधारण 1380 ते 1420 मधल्या. टेम्पलर हा धर्मयुद्धांत लढणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांचा पंथ तर पोपने 1312 मध्येच बरखास्त केला होता!

लेबलवर जाऊच नका. असा बराच माल आपल्याकडेच देहरादून-मेरठला बनतो, आणि पुढे विकणारे जे नाव खपेल ते चिकटवतात. ‘टेम्पलर’ हमखास खपतं.

काळ ठरवताना हेल्मेटवरची सगळ्यात उशिरा आलेली गोष्ट शोधायची. वाडा पेशवाईतला असेल, पण फोटोत कौलांवर डिश अँटेना दिसली की फोटो कधीचा ते कळतंच ना, तसं. तुमच्या हेल्मेटचा टोकदार माथा फसवा आहे. इंग्लंडमधल्या 1066च्या हेस्टिंग्जच्या लढाईचं चित्रण असलेल्या बायो टॅपेस्ट्री या भरतकाम केलेल्या लांब कापडावरही टोकदार माथ्याची शिरस्त्राणं आहेत, त्यामुळे 12वं शतक सांगितलं तर पटकन पटतं. पण तोंडावरची झडप बघा: पुढे निमुळतं टोक काढलेली आणि दोन्ही कानशिलांशी बिजागरीवर फिरणारी. हा आकार 14व्या शतकाच्या शेवटी रूढ झाला. त्याच्या थोडं आधी, विशेषतः जर्मन मुलुखात, झडप कपाळावरच्या एकाच बिजागरीला टांगलेली असे.

आता खालची कड. तिथे ओळीने बारीक पितळी नळ्या आहेत, त्यांवर चामड्याची पट्टी बसवून आतून दोरी ओवली आहे आणि पट्टीला कड्यांच्या जाळीची झालर शिवली आहे. इंग्लंडमध्ये कँटरबरीला राजपुत्र ‘ब्लॅक प्रिन्स’ एडवर्डच्या (मृत्यू 1376) थडग्यावरच्या पुतळ्याला अशीच झालर आहे. थडग्यांवरून काळ काढताना एक पथ्य पाळा. मृत्यूचं साल म्हणजे पुतळा घडवल्याचं साल नव्हे, दोन्हींत काही वर्षांचा फरक असू शकतो. पुढे 15व्या शतकाच्या सुरुवातीला जाळीच्या जागी गळ्याभोवती पोलादी पत्रा आला. तुमच्याकडे अजून जाळीच आहे, म्हणून मी 1420च्या पुढे जात नाही.

चकचकीत पॉलिश, वेल्डचा सांधा, आतला रिव्हेट मारलेला चामडी पट्ट्यांचा सांगाडा आणि नुसत्या टोकाला टोक जोडलेल्या कड्या, हे सगळं आजच्या कारखान्याचं काम. त्यावरून काळ काढायचा नसतो. त्या काळच्या युरोपातल्या जाळीच्या कड्या रिव्हेट केलेल्या असत आणि आत शिवलेलं जाड अस्तर असे. पत्र्याची जाडी मात्र विक्रेत्याला जरूर विचारा. 1.2 मिमी असेल तर दिखाव्यापुरतं ठेवा, त्यावर वार झेलू नका.

1250साठी दोनच सोपे पर्याय आहेत: सपाट माथ्याचं, तोंड पूर्ण झाकणारं मोठं हेल्मेट, नाहीतर काठाची लोखंडी टोपी. त्याच सुमारास फ्रान्समध्ये चितारलेल्या मॉर्गन बायबल या सचित्र हस्तलिखितात दोन्ही भरपूर दिसतात. साधा शिपाई उभा करणार असाल तर टोपीच घ्या, स्वस्त पडते आणि श्वासही नीट घेता येतो. ऑर्डर देताना डोक्याचं माप आतली कापसाची टोपी आणि जाळीचं कुंचडं चढवूनच घ्या, नाहीतर ते डोक्यात जाणारच नाही.