‘स्ट्रॉबेरी लेटर २३’ मुळात कोणाचं, आणि शगी ओटिसचा १९७४ चा अल्बम कुठला व कसा ऐकावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रदर्स जॉन्सन या अमेरिकन जोडीचं ‘स्ट्रॉबेरी लेटर २३’ आवडलं, ते मुळात शगी ओटिस या अमेरिकन गिटारवादक-गायकाचं आहे असं कळलं, त्याचा एक विसरला गेलेला सोल-रॉक अल्बम आहे असंही वाचलं, पण जिथे शोधावं तिथे गाण्यांची यादी वेगळी. मग खरा कुठला, आणि इतका चांगला असेल तर विसरला का गेला?

आधी यादीचा घोळ सोडवू. अल्बम दोन आहेत, दोन्ही एपिक कंपनीचे: १९७१ चा ‘फ्रीडम फ्लाइट’ आणि ऑक्टोबर १९७४ चा ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’. ‘स्ट्रॉबेरी लेटर २३’ पहिल्यावर आहे. लोक ज्याच्याबद्दल हळहळतात तो दुसरा, आणि त्यावर हे गाणं नाहीच. गोंधळ सुरू झाला २००१ मध्ये. ‘टॉकिंग हेड्स’ या बँडचा गायक डेव्हिड बर्न याच्या लुआका बॉप या कंपनीने ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’ पुन्हा काढला, तेव्हा मूळ नऊ तुकड्यांच्या मागे ‘फ्रीडम फ्लाइट’मधले चार जोडले: ‘स्ट्रॉबेरी लेटर २३’, ‘स्वीट थँग’, ‘आइस कोल्ड डेड्रीम’ आणि अल्बमच्याच नावाचं ‘फ्रीडम फ्लाइट’ हे गाणं. आज जगाला शगी ओटिस माहीत आहे तो मुख्यतः त्याच सीडीमुळे, त्यामुळे तिचे उपकार मानायलाच हवेत. पण तेरा तुकडे सलग ऐकले की अल्बमचा तोल जातो. मूळ नऊ मिळून साधारण ३२ मिनिटांचे आहेत आणि शेवटचं ‘फ्रीडम फ्लाइट’ एकटंच जवळपास १३ मिनिटांचं. शेवटी डोक्यात राहतो तो भलताच अल्बम.

२०१३ मध्ये लेगसी या कंपनीने दोन सीडींचा संच काढला. त्यात पहिल्या सीडीवर नऊ मूळ तुकडे आणि त्याच काळातले चार अप्रकाशित, तर दुसऱ्या सीडीवर ‘विंग्ज ऑफ लव्ह’ या नावाखाली १९७५ ते २००० या काळातलं, तोवर कपाटात पडून राहिलेलं संगीत. आज विकत घ्यायचं असेल तर हा संच घ्या. फक्त पहिल्यांदा ऐकताना नवव्या तुकड्यानंतर थांबा.

ऑनलाइन ऐकणार असाल तर स्वतःची यादी करा. क्रम असा: ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’, ‘आयलंड लेटर’, ‘स्पार्कल सिटी’, ‘आट अ मी हेड’. इथे पहिली बाजू संपते. मग ‘हॅपी हाउस’, ‘रेनी डे’, ‘एक्सएल-३०’, ‘प्लिंग!’ आणि ‘नॉट अव्हेलेबल’. चौथ्या गाण्याचं नाव त्याने बोलण्यातल्या उच्चाराप्रमाणे मोडून लिहिलं आहे, त्यामुळे ते नावाने शोधत बसू नका. अल्बम उघडून तिथून घ्या. अ‍ॅपमध्ये शफल बंद ठेवा आणि क्रॉसफेडही बंद ठेवा. क्रॉसफेड म्हणजे एक गाणं संपताना दुसरं त्यावर चढवणं. दुसऱ्या बाजूचे तुकडे फार लहान आहेत: ‘हॅपी हाउस’ सव्वा मिनिटाचं, ‘एक्सएल-३०’ दीड मिनिटाचं. दहा-बारा सेकंदांचा क्रॉसफेड दोन्ही टोकांना चावला तर सव्वा मिनिटातलं उरतं काय? दुसरी बाजू ‘तुटक’ वाटली असं म्हणणाऱ्यांनी आधी ही सेटिंग तपासावी.

फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका, अगदी चाचणीपुरताही नाही. बेस गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते आणि फोनचा इवलासा स्पीकर त्याच्या आसपासही पोहोचत नाही. या संगीतात बेस हा आधार नाही, तो चक्क एक गायक आहे. तो गेला की उरते ती ठोका देणाऱ्या यंत्राची टकटक आणि वर तरंगणारा ऑर्गन, आणि मग ‘लिफ्टमधलं संगीत वाटतं’ असा शेरा येतो. साधे वायरवाले हेडफोन पुरतात, ‘बास बूस्ट’ मात्र बंद हवा. नाहीतर बेस फुगून ऑर्गनच्या खालच्या पट्टीवर बसतो.

आता त्या टकटकीबद्दल, कारण अल्बमचा जीव तिथे आहे. शगीने यातली बहुतेक वाद्यं स्वतः वाजवली: गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम्स. ब्रास आणि तंतुवाद्यांसाठी मात्र बाहेरचे वादक घेतले. काही तुकड्यांत त्याने ड्रम्सऐवजी ऱ्हिदम किंग नावाचं यंत्र वापरलं. फंक संगीतकार स्लाय स्टोनने १९७१ मध्ये ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’ या अल्बमवर हेच वापरलं होतं. हे आजच्यासारखं प्रोग्रॅम करता येणारं यंत्र नव्हे. ऑर्गनवाल्याला सोबत म्हणून बनवलेली ती पेटी: बोसा नोव्हा, रुंबा, रॉक अशी ठरलेली बटणं, वेग बदलायची कळ, बास्स. ठोके नोंदवून ठेवलेले नाहीत, विजेच्या सर्किटमधून तयार होतात; म्हणून त्यांना ड्रमची कातडी नाही, खोलीची गुंज नाही, नुसती टिकटिक.

यात अडचण एकच पण मोठी: यंत्र श्वास घेत नाही. माणूस ड्रम्स वाजवताना ओळीच्या शेवटी केसभर रेलतो, पुढच्या ओळीला केसभर ढकलतो. पेटी तसं काहीच करत नाही. एकट्याने थर चढवणाऱ्याला मग ती रेलण्या-ढकलण्याची जबाबदारी दुसऱ्या वाद्यावर टाकावी लागते. ‘आट अ मी हेड’ लावा आणि पहिल्या खेपेला फक्त बेस ऐका. तो ठोक्यावर बसत नाही, ठोक्याच्या किंचित मागे राहतो, मध्येच सोडून देतो, मग परत येतो. दुसऱ्या खेपेला तंतुवाद्यं ऐका: गाण्याला गोडवा आणण्यापुरती ती घेतलेली नाहीत, लांब सूर धरून ती यंत्राचे कोपरे झाकतात. तिसऱ्या खेपेला आवाज. शगीचा आवाज काही जोरकस सोल गायकाचा नाही. मवाळ, जवळजवळ कानात बोलल्यासारखा. मोठ्या आवाजाच्या गायकाने या पेटीवर गायलं असतं तर पेटी खेळणं वाटली असती. इथे दोघे एकाच उंचीचे आहेत.

‘स्पार्कल सिटी’ सहा मिनिटांहून मोठं आहे आणि मुद्द्यावर यायला वेळ घेतं, तेवढा धीर धरा. ‘आयलंड लेटर’ पहिल्यांदा हातातून निसटतं, ते चौथ्या-पाचव्या वेळी सापडतं.

माझ्या मते खरा खजिना दुसरी बाजू आहे, आणि बहुतेक ऐकणारे तिथेच सोडून देतात. ‘हॅपी हाउस’ झालं की शब्द संपतात. पुढचे चारही तुकडे नुसते वाद्यांचे. ‘रेनी डे’मध्ये गिटारवर एकच सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात एकत्र छेडत जाणारी चाल आहे, जॅझमध्ये गिटारवादक वेस माँटगोमेरीने रुजवलेली पद्धत. शगीने ब्लूज गिटारवादक म्हणून नाव कमावलं होतं. तो पंधरा वर्षांचा असताना रॉक संगीतकार अल कूपरने त्याला घेऊन अख्खा अल्बम केला होता. इथे तो एकही ब्लूजचा फटका मारत नाही. ‘प्लिंग!’ तर चाल म्हणून जवळजवळ काहीच नाही: पेटीचा मंद ठोका, कीबोर्डचे सुटे सूर, आणि त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा. १९७४ मध्ये हे कुठल्या कप्प्यात ठेवायचं?

विसरला का गेला याचं अर्धं उत्तर इथेच आहे. अमेरिकेतली रेडिओ केंद्रं गोऱ्यांचा रॉक आणि काळ्यांचा सोल अशी वाटलेली होती. शगीचे वडील जॉनी ओटिस ग्रीक वंशाचे, पण आयुष्यभर काळ्या समाजात राहून ऱ्हिदम अँड ब्लूजचा वाद्यवृंद चालवणारे. आई आफ्रिकन-अमेरिकन आणि फिलिपिनो वंशाची. संगीतही तसंच, कुठल्याच वाटणीत न बसणारं. त्यात दोन अल्बममध्ये तीन वर्षं गेली. एकट्याने थरावर थर चढवून केलेलं संगीत मंचावर उभं करणंही कठीण. १९७४ च्या अखेरीस गिटारवादक मिक टेलर रोलिंग स्टोन्स या बँडमधून बाहेर पडला तेव्हा त्याच्या जागी येण्याबद्दल शगीला कीबोर्डवादक बिली प्रेस्टनमार्फत विचारणा झाली होती. शगीने नकार दिला. निर्माता क्विन्सी जोन्सने पुढचा अल्बम करून देण्याची तयारी दाखवली, त्यालाही नाही म्हटलं. पुढे एपिकने करार संपवला आणि पुढचा पूर्ण अल्बम यायला कित्येक वर्षं गेली.

गाणं मात्र चालत राहिलं. त्याच क्विन्सी जोन्सने १९७७ मध्ये ब्रदर्स जॉन्सनकडून ‘स्ट्रॉबेरी लेटर २३’ करवून घेतलं, ते अमेरिकेच्या लोकप्रिय सोल गाण्यांच्या यादीत पहिल्या आणि सर्व गाण्यांच्या मुख्य यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. दोन्ही पाठोपाठ ऐका. १९७७ चं घट्ट बांधलेलं, नाचायला लावणारं. १९७१ चं सैल, घंटांनी भरलेलं, आणि शेवटी शब्द संपल्यावर गिटारची एकच नक्षी फिरत राहते. नावातल्या आकड्याचं उत्तर गाण्यातच आहे: प्रेयसीची बावीसावी चिठ्ठी आली आहे आणि हे गाणं म्हणजे तेविसावी.

जुनी मूळ रेकॉर्ड घ्यायचा विचार असेल तर एपिकचा क्रमांक केई ३३०५९ आहे का पाहा. कव्हरचा कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेलं दिसलं तर घाबरू नका. न खपलेला माल स्वस्तात काढताना अमेरिकन कंपन्या तशी खूण करत, आवाजाशी तिचा संबंध नाही. तबकडी तिरप्या उजेडात धरा. केसासारखे ओरखडे चालतात, नख अडकेल असा चालत नाही. विक्रेत्याला दुसरी बाजू वाजवायला सांगा, पहिली नव्हे. तिथे संगीत इतकं हळू आणि मोकळं आहे की प्रत्येक चरचर ऐकू येते. जी प्रत ‘प्लिंग!’ला स्वच्छ वाजली ती बाकी सगळ्याला चालेल. नुसता मोबाइलवर ऐकायचा विचार असेल तर या खर्चात पडू नका, २०१३ ची आवृत्ती उत्तम आहे.

हे पचल्यावर आधी ‘फ्रीडम फ्लाइट’ पूर्ण ऐका, त्यात कीबोर्डवर जॉर्ज ड्यूक आहे. मग ‘विंग्ज ऑफ लव्ह’. आणि हा पोरगा गिटारवर काय होता हे बघायचं असेल तर वडिलांचा ‘कोल्ड शॉट’ घ्या, आणि बेसवर ऐकायचा असेल तर रॉक संगीतकार फ्रँक झापाच्या १९६९ च्या ‘हॉट रॅट्स’मधलं ‘पीचेस एन रेगालिया’.