उज्ज्वलाचा गॅस मिळूनही सोलापूरकडच्या खेड्यातल्या बायका चूल का सोडत नाहीत? त्यांच्यासाठी काय करता येईल?

‘सवय’ हे उत्तर कृपा करून कुणी देऊ नका. उज्ज्वला योजना 2016 ला आली आणि पुढे माझ्या आईच्या नावावर कनेक्शन मिळालं. बार्शी तालुक्यातलं गाव, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. पहिली टाकी तिनं कशी जपली ते मी पाहिलंय. पाहुण्यांचा चहा, घरात बाळंतीण होती तिचं खाणं, पावसात तुराट्या ओल्या झाल्या की कालवण. भाकरी मात्र चुलीवरच. थापता थापता मधेच फुंकणी घ्यायची आणि हात पिठाचे म्हणून मनगटानं डोळे पुसायचे. बाहेर ओसरीवर चुलते सांगायचे, “गॅसवरच्या भाकरीला चव नाही, बायकांना चुलीचीच सवय.” आईला कुणी विचारलंच नाही.

खरी अडचण पैशाची आहे. मजुरी हातात पडते बाजाराच्या दिवशी, थोडी थोडी, आणि टाकीला पैसे लागतात एकरकमी. 2023 च्या सुरुवातीला टाकी अकराशेच्या पुढे गेली होती. अनुदान खात्यात येतं, पण मागाहून. आधी पूर्ण पैसे मोजावेच लागतात. तुराट्या रानात फुकट मिळतात. शिवाय गाडी वस्तीपर्यंत येत नाही, मग कुणाच्या तरी मोटरसायकलला टाकी बांधून आणा, त्याचं पेट्रोल वेगळं. कनेक्शन बाईच्या नावावर असलं तरी पैसा पुरुषाच्या खिशात असतो. त्याच घरात मोबाईलचा रिचार्ज एक दिवस चुकत नाही. चवीचं कौतुक करणाऱ्यानं आठवडाभर त्या धुरात बसून स्वतः भाकरी भाजाव्यात, मग बोलावं. चुलत्यांना हे मी तोंडावर सांगितलंय.

काही करायचंच असेल तर नव्या शेगड्या वाटू नका, दुसरी-तिसरी टाकी कशी येईल ते बघा. बचत गटानं टाकीपुरती उचल द्यावी आणि दर बाजाराला थोडे थोडे करून फेडून घ्यावी. उज्ज्वलात 5 किलोच्या टाकीचीही सोय आहे, मजुरी करणाऱ्या घराला ती झेपते. एजन्सीच्या मागे लागून वस्तीवर गाडीचा वार ठरवून घ्या.

एक मात्र आहे. सहा-सात माणसांच्या घरात आंघोळीचं पाणीही गॅसवर तापवणं परवडणार नाही, त्यासाठी चूल राहणारच. ती निदान घराबाहेर, छपराखाली घाला.