जागा रिकामी, तरी फाइल जात नाही

प्रश्न : घरातले सगळे फोटो आणि कागदपत्रांच्या प्रती मी ५०० जीबीच्या एका जुन्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवते. मुलाच्या लग्नाची साडेसहा जीबीची चित्रफीत तिच्यावर घेऊ लागले, तर निम्मी डिस्क रिकामी असूनही फाइल फार मोठी असल्याचा संदेश येतो. दुकानदार डिस्क फॉरमॅट करायला सांगतो. माझ्याकडे विंडोज आहे, मुलाकडे मॅक. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फॉरमॅट करण्याची घाई कृपया करू नका, कारण त्याने डिस्कवरचे सगळे फोटो जातील. जागा असूनही एकच मोठी फाइल नाकारली जाते, त्याअर्थी आपली डिस्क फॅट३२ या, फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीची असावी. त्या पद्धतीत डिस्क कितीही मोठी असली, तरी एका फाइलला ४ जीबीच्या आतच राहावे लागते. मात्र हा झाला अंदाज, आणि खात्री करायला एक मिनिटही लागत नाही.

डिस्क जोडून ‘धिस पीसी’ उघडा, तिच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबा आणि उघडणाऱ्या यादीतून ‘प्रॉपर्टीज’ निवडा. पहिल्याच पानावर, वापरलेल्या आणि रिकाम्या जागेच्या आकड्यांच्या वर, ‘फाइल सिस्टीम’ अशी ओळ दिसेल. तिच्यापुढे लिहिलेले नाव हेच आपले उत्तर. त्याच यादीत ‘फॉरमॅट’ हाही पर्याय असतो, म्हणून बोट दाबण्यापूर्वी शब्द नीट वाचा. मॅकवर डिस्क निवडून ‘गेट इन्फो’ उघडल्यास ‘फॉरमॅट’ या ओळीत हीच माहिती मिळते. तिथे हा शब्द केवळ माहिती म्हणून येतो, त्याने काही पुसले जात नाही.

नाव एनटीएफएस (विंडोजची नेहमीची पद्धत) निघाले, तर मोठ्या फाइलची अडचण नसते. मात्र मॅक अशी डिस्क वाचतो, तिच्यावर स्वतःहून काही लिहीत नाही. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली एक्सफॅट ही पद्धत विंडोज आणि मॅक दोन्हींना वाचता-लिहिता येते व तिला ४ जीबीची मर्यादा नाही, त्यामुळे आपल्या घरासाठी मी तीच सुचवेन. याउलट मॅकच्या एपीएफएस पद्धतीची डिस्क विंडोजला उमगत नाही आणि ‘आधी फॉरमॅट करा’ अशी सूचना पडद्यावर येते. डिस्क पूर्णपणे चांगली असतानाही ती येते, तेव्हा कधी तशी वेळ आलीच तर ‘कॅन्सल’ म्हणा.

फॅट३२ असल्याचे ठरले, तर डिस्कवरचे सर्व काही आधी संगणकावर उतरवून घ्या, निरनिराळ्या फोल्डरांतले काही फोटो उघडून पाहा आणि मगच एक्सफॅट निवडून फॉरमॅट करा. एक्सफॅटची डिस्क ‘इजेक्ट’ न करता, म्हणजे संगणकाला ती काढत असल्याचे आधी न सांगता ओढून काढली, तर लिहिणे अर्धवट राहून फाइली बिघडू शकतात. ‘इजेक्ट’ करूनच डिस्क काढण्याची सवय मात्र घरातल्या सगळ्यांनी लावून घ्यायला हवी. नंतर फोटो परत डिस्कवर चढवा, चित्रफीत घ्या आणि ती मुलाच्या मॅकवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालून दिसेपर्यंत संगणकावरची प्रत पुसू नका.